शेवटच्या सुईपासून मागं मोजा

माझी पिठाची गिरणी आहे, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. उधारीचा हिशेब मी वहीत लिहीत नाही, खडूनं भिंतीवर लिहिते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडतो आणि वसुली लवकर होते. २०२४ च्या डिसेंबरात त्या भिंतीवर चार तारखा चढल्या: १३ डिसेंबर, ३ जानेवारी, २४ जानेवारी, २१ फेब्रुवारी. दळण घेऊन आलेल्या बाया विचारायच्या, "काकू, ह्या तारखा कायच्या जी?" मी म्हणायची, "कोंड्याच्या." कोंड्या म्हणजे माझं कुत्रं, आणि ह्या त्याच्या लसीच्या सुयांच्या तारखा. रंग गव्हाच्या कोंड्यासारखा, म्हणून कोंड्या.

त्यावर ठरलेलं उत्तर यायचं. "कुत्र्याले सुई? इथं माणसाले वेळेवर भेटत नाही, अन् कुत्र्याले चार-चार!"

त्यांना हसत नाही मी. त्याच्या वर्षभर आधी मीही तसंच बोलत होते. तेव्हा माझ्याकडं मोत्या होता. दीड महिन्याचा असताना गावात फिरणारा एक जण त्याला सुई देऊन गेला. कशाची सुई ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. कार्ड नाही, चिठ्ठी नाही. मी निर्धास्त. मोत्या तीन महिन्यांचा होता-होता एक दिवस भाकरी खाईना. रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या, सकाळी रक्ताची हगवण. तो वास ज्यानं घेतला त्याला तो परत ओळखू येतो. तिसऱ्या दिवशी गेला. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा रोग.

बरेच दिवस मला वाटायचं, ती सुईच खोटी होती. असेलही. पण नंतर डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं की सुई खरी असती तरी ती एकटी पुरली नसती. इथं मी जे लिहिते आहे ते एवढ्यासाठीच. पिल्लाचं लसीकरण म्हणजे 'एक सुई मारून आणणं' नव्हे. ते पेरणीसारखं तारखा धरून करायचं काम आहे, आणि डॉक्टरांशी आधी बोलून ठरवायचं काम आहे.

आधी एक सुई का पुरत नाही ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप डोक्यात बसतं. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचं चिकाचं दूध पितं. गायीच्या चिकाचा खरवस आपण खातो, कुत्रीचाही चीक असतोच. त्या चिकातून आईची रोगाशी लढणारी ताकद पिल्लात उतरते. हे चांगलंच आहे. पण ही उसनी ताकद लसीलाही रोग समजते आणि तिला तिथंच मारून टाकते. पाऊस चालू असताना कपाशीवर फवारणी केली तर काय होतं? औषध वाहून जातं, पैसे गेले. तसंच. आता हा पाऊस कधी थांबणार? कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्याला थांबतो, कोणत्यात बाराव्या, एखाद्यात सोळाव्यापर्यंत चालतो. एकाच वेतातल्या पिल्लांतही फरक असतो. पाहून कळत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी फवारत राहायचं आणि शेवटची फवारणी सोळा आठवडे भरल्यावर करायची, म्हणजे पाऊस नक्की थांबलेला असतो. मधल्या सुया फुकट जातात असं नाही. ज्याचा पाऊस लवकर थांबला ते पिल्लू त्यांनीच वाचतं. पण ज्यानं दोनच सुया देऊन अडीच महिन्यांत 'झालं एकदाचं' म्हटलं, तो नशिबावर सोडून आला.

तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कागद घेतला आणि सगळ्यात आधी शेवटच्या सुईची तारीख खाली लिहिली. मग मागं मोजत वर आले. मला ही पद्धत फार पटली. लग्नाची तिथी धरून आपण मागं मोजतोच की: पत्रिका कधी, किराणा कधी, हळद कधी दळायची.

मागं मोजायला जन्मतारीख हवी. कोंड्याची आई, काळी तिचं नाव, माझ्याच गिरणीच्या मागं, कुटाराच्या ढिगाच्या आडोशाला व्याली, ३१ ऑक्टोबर २०२४, नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नानाला उठलेल्या आमच्या आत्याबाईंनीच आधी आवाज ऐकला. आमच्याकडं गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी फळतात, त्यामुळं दिवाळीपासून पौषापर्यंत गल्लीगल्लीत पिल्लंच पिल्लं असतात. तुमचं पिल्लू कुणी पोत्यात घालून आणून दिलेलं असेल तर तारीख कुठून आणणार? तोंड उघडून बघा. डोळे उघडतात ते दहा-चौदा दिवसांनी. दुधाचे दात तीन-चार आठवड्यांत डोकावू लागतात, सहा ते आठ आठवड्यांत सगळे येतात, सुईसारखे टोकदार. पुढचे दुधाचे दात पडून जाड दात येताना दिसले तर पिल्लू चार महिन्यांच्या आसपास गेलेलं आहे. डॉक्टर दात बघूनच सांगतात, आणि शंका असली की वय कमीच धरतात. जास्त धरलं तर शेवटची सुई लवकर पडायची.

मग फोन. पिल्लू उचलून थेट दवाखान्यात नेऊ नका, ही माझी पहिली चूक होती. आमच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर चांगले, पण त्यांच्या डोक्यावर गायी-म्हशी, बैल, शेळ्या. लाळ-खुरकुताची मोहीम लागली की ते दिवसभर गोठ्यागोठ्यानं. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि कोंड्या एसटीत ओकला होता. दुसरं म्हणजे, कुत्र्याची सात रोगांची लस आमच्या दवाखान्यात नव्हती. रेबीजची मिळते, तीही कधी असते कधी नसते. म्हणून मी फोनवर पाच गोष्टी विचारते, त्या तुम्हीही विचारा. पिल्लाची एकत्र लस तुमच्याकडं आहे का, की तालुक्याहून किंवा यवतमाळहून मागवावी लागेल? मागवायची तर किती दिवस आधी सांगू? कोणत्या वाराला, किती वाजता नक्की भेटाल? एका डोजचे किती पैसे? आणि पिल्लाला आधी जंताचं औषध द्यायचं का, किती?

शेवटी मी तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांकडं ठरवलं. वार शुक्रवार, कारण गुरुवारी आमच्या गावचा बाजार, त्या दिवशी गिरणी सोडून मी यमाकडंही जाणार नाही. तुमचाही असा एक वार धरा. चार वेळा जायचं आहे. वार तुमच्या सोयीचा नसेल तर तिसऱ्या वेळी कापूस वेचणी आडवी येईल आणि राहून जाईल. कुणाला जाणंच जमत नसेल तर १९६२ या नंबरावर फोन करून बघा. पशुसंवर्धन खात्याची फिरती गाडी येते. ती मुख्यतः आजारी जनावरांसाठी आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

जंताचं औषध सुईच्या आधी. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, अंग मात्र काटकुळं, असं पिल्लू दिसलं की लोक म्हणतात 'काय गुबगुबीत आहे!' ते जंत असतात. आईच्या पोटातूनच आणि दुधातूनच येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं, बारा आठवड्यांचं होईपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. हेच जंत अंगणात खेळणाऱ्या पोरांच्याही पोटात जातात, तेव्हा कंटाळा नको. औषध वजनावर असतं, अंदाजानं देऊ नका. मला सोपं होतं. गिरणीच्या काट्यावर पायलीचा डबा ठेवायचा, शून्य करायचं, पिल्लू डब्यात. सहा आठवड्यांचा कोंड्या २ किलो १५० ग्रॅम भरला. तुमच्या गावात काटा नाही असं होणार नाही. किराणा दुकानात न्या, कुणी नाही म्हणत नाही, उलट चार जण बघायला जमतात. एक सांगून ठेवते: बैलाच्या अंगावर लावायचं गोचिडाचं औषध उरलं म्हणून पिल्लाला चोपडू नका. गोचीड मरण्याआधी पिल्लू मरेल. पिल्लाचं वेगळं येतं, डॉक्टरांना मागा.

आता भिंतीवरच्या तारखा.

१३ डिसेंबर, सहा आठवडे: फक्त दोन रोगांची, पिल्लांसाठीची पहिली लस, पार्व्हो आणि डिस्टेंपर.
३ जानेवारी, नऊ आठवडे: सात-इन-वन.
२४ जानेवारी, बारा आठवडे: पुन्हा सात-इन-वन, आणि दुसऱ्या बाजूला रेबीजची पहिली.
२१ फेब्रुवारी, सोळा आठवडे: शेवटचा एकत्र डोज, आणि रेबीजची दुसरी.

प्रत्येक तारखेला एक दिवस वरच आहे, तो मुद्दाम. उशीर दोन-चार दिवसांचा चालतो, पण शेवटची सुई सोळा आठवड्यांच्या आत नको. दोन सुयांमध्ये दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतर नको, चारपेक्षा जास्तही नको. तुमचे डॉक्टर आठव्या आठवड्याला सुरू करतील, कुणी रेबीजची दुसरी सुई सांगणार नाही. औषधाच्या कंपनीप्रमाणं आणि गावात कोणता रोग चालू आहे त्याप्रमाणं थोडा फरक पडतोच. त्यावर वाद घालू नका. पण 'शेवटची सुई सोळा आठवड्यांनंतर पडते ना?' एवढं विचाराच.

सात-इन-वन म्हणजे काय, तर पार्व्हो, डिस्टेंपर, कुत्र्याची कावीळ, खोकल्याचा एक विषाणू आणि लेप्टो नावाच्या जंतूचे प्रकार, सगळं एका सुईत. दुकानात नऊ-इन-वनही मिळते. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं नाही. जास्तीच्यात बऱ्याचदा कुत्र्याचा कोरोना असतो (माणसाचा तो वेगळा), आणि लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जी जागतिक संघटना आहे ती म्हणते, कुत्र्याला त्या लसीची गरज नाही. आमच्या डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं, "ताई, दोनशे रुपये वाचवा, जंताच्या औषधाला होतील."

लेप्टोवर मात्र मी अडून बसले, आणि तुम्हीही बसा. जिथं धान्य तिथं उंदीर, आणि लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, ओल्या मातीतून, पायाच्या जखमेतून शिरतो. कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. गिरणी, गोदाम, धान (भंडारा-गोंदियाकडं तर बांधीत पाणीच पाणी), गोठा, यांपैकी काहीही घराला लागून असेल तर लेप्टो सोडू नका. त्याचे दोन डोज दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं लागतात, एकट्या डोजावर भागत नाही, आणि दर वर्षी पुन्हा. लसीत लेप्टोचे सगळे प्रकार बसत नाहीत, म्हणून उंदरांचा बंदोबस्त वेगळा करावाच लागतो. माझ्याकडं मांजर आहे. तिची गोष्ट वेगळी.

डिस्टेंपरबद्दल थोडंसं. नाकाडोळ्यांतून पू, ताप, आणि पुढं पायाला झटके. वाचलं तरी बऱ्याचदा झटके राहतात. हा रोग कुत्र्यापुरता राहत नाही. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये महिनाभरात २३ सिंह मेले, तपासणीत हाच विषाणू सापडला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचं जंगल आहे, तिकडं चंद्रपूरला ताडोबा. जंगलाच्या काठाला गुराख्यामागं फिरणारं कुत्रं मेलं की बिबट खातो, वाघ तोंड लावतो. जंगलालगतच्या गावात राहणाऱ्यांनी तर ही सुई चुकवूच नये.

सुईच्या दिवशीचं सांगते, कारण खरी गडबड इथं होते. पिल्लू आजारी असेल, हगवण असेल, अंग तापलेलं असेल तर सुई पुढं ढकलायची. कुत्र्याचा ताप माणसासारखा मोजू नका. १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे त्याचं नेहमीचं अंग. नाक कोरडं की ओलं यावरून काही ठरत नाही. न्यायचं टोपल्यात, जुनं लुगडं घालून. एसटी स्टँडवर खाली सोडायचं नाही, दवाखान्याच्या फरशीवर तर मुळीच नाही. तिथं कालच कुणाचं तरी पार्व्होचं कुत्रं ओकून गेलेलं असतं. मांडीवर ठेवा. शक्य असेल तर सकाळचा पहिला नंबर लावा.

लस थंड राहिली पाहिजे, २ ते ८ अंशांत. बर्फ होता कामा नये आणि कोमटही. आमच्याकडं लोडशेडिंग काय असतं ते गिरणीवाल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? म्हणून मी न लाजता विचारते, "डॉक्टरसाहेब, फ्रिजला इन्व्हर्टर आहे का जी?" पहिल्यांदा ते हसले, दुसऱ्यांदा त्यांनीच फ्रिज उघडून आतला थर्मामीटर दाखवला. चांगल्या डॉक्टराला असं विचारलेलं आवडतं. लस तुम्हालाच तालुक्याहून आणून द्यायची असेल तर थर्मास घ्या, बर्फाच्या पिशव्या घ्या, आणि बाटली बर्फाला चिकटू देऊ नका, मधे कागद किंवा फडकं. ऊन लागायच्या आत घरी. एका औषध दुकानानं मोत्याच्या वेळी शेजारच्या माणसाला लस नुसत्या कॅरीबॅगमध्ये बांधून दिली होती, आणि ती गाडीच्या डिक्कीतून वीस किलोमीटर आली. एप्रिल महिना. ती सुई दिली काय आणि ताक पाजलं काय.

एकत्र लसीच्या बाटल्या दोन असतात. एकीत पांढरी भुकटी चिकटलेली, दुसरीत पाणी. डॉक्टर तुमच्यासमोर पाणी भुकटीत सोडतात, हलवतात, भरतात, लगेच देतात. आधीच भरून ठेवलेली सिरिंज असेल तर नम्रपणे विचारा, केव्हाची आहे. बाटलीवरची मुदत वाचा. आणि एका बाटलीत दोन पिल्लं बसवू नका. आमच्या आळीत हे फार चालतं. "पिलू लहान आहे, अर्धी सुई पुरे." लस काही पोटभर जेवण नाही की लहानाला कमी पुरावं. डोज सगळ्यांना सारखाच, रोडक्या गावठीला आणि दांडग्या अल्सेशियनला. निम्म्या डोजावर निम्मं संरक्षण मिळत नाही, भरवसाच राहत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर ते रेबीजमध्ये वाचवा. ती दहा डोजच्या बाटलीतही येते. गल्लीतली दहा कुत्री एका दिवशी धरा, डॉक्टरांना गावात बोलवा, खर्च वाटून घ्या. सहा जुलै आणि अठ्ठावीस सप्टेंबर या दोन तारखांना बऱ्याच ठिकाणी रेबीजची सुई फुकटही देतात. सहा जुलै १८८५ ला लुई पाश्चरनं एका पोराला पहिल्यांदा ही लस दिली होती, आणि अठ्ठावीस सप्टेंबर ही त्याची पुण्यतिथी. पंचायत समितीत आधी चौकशी करा.

बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या, खाली तारीख, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही. स्टिकर नाही तर सुई नाही, असं मी तरी धरते. कार्ड माझ्याकडं रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये असतं.

सुई झाली की अर्धा तास दवाखान्यातच बसा. तोंड सुजलं, पिल्लू ओकू लागलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पाय लटपटले, तर ते बहुतेक तेवढ्या वेळात कळतं आणि डॉक्टर समोर असले तर लगेच आवरता येतं. असं फार क्वचित होतं. एक-दोन दिवस मलूल राहणं, थोडा ताप, सुईच्या जागी सुपारीएवढी गाठ, हे चालायचंच. क्रोसिन देऊ नका. माणसाच्या कितीतरी गोळ्या कुत्र्याला विष होतात.

आणि एक गैरसमज इथंच काढून टाकते. "सुई दिली अन् चौथ्या दिवशी पिलू मेलं, सुईनंच मेलं." हे मी चार घरी ऐकलंय. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्त. म्हणजे ते पिल्लू दवाखान्यात नेलं तेव्हाच रोग घेऊन बसलेलं होतं, नाहीतर वाटेत घेतला. सुईला काम करायला दिवस लागतात, टोचल्याबरोबर ढाल उभी राहत नाही. म्हणून शेवटच्या सुईनंतर पंधरा दिवस होईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांत सोडायचं नाही.

माझ्या अंगणाचा प्रश्न आणखी अवघड होता. मोत्या तिथंच गेला होता, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. फिनाईलनं तो मरत नाही, शेणसारवणानंही नाही. ब्लीचिंग पावडरनं मरतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. पण आधी घाण, माती, शेण पूर्ण धुऊन काढायचं, कारण घाणीवर ब्लीचिंग टाकलं तर त्याची ताकद घाणीतच जाते. कोबा, उंबरा, भांडी मी तसं धुतलं आणि दहा मिनिटं ओलं ठेवलं. कच्च्या अंगणाचं काय करणार? माती काही धुता येत नाही. ते उन्हाच्या स्वाधीन केलं आणि कोंड्याला चार महिने गिरणीच्या कोब्यावरच वाढवलं. बांधून नाही बरं का. हे वय माणसांची, आवाजांची सवय लागायचं असतं, आणि कोंडून ठेवलेलं पिल्लू पुढं भित्रं आणि चावरं होतं. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी त्याला देत होते. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज त्याला आता अंगाईसारखा झालाय.

हातात देत होते, त्याच्यासोबत एक काळजीही. रेबीजची सुई बारा आठवड्यांनी, म्हणजे तोवर पिल्लाला संरक्षण नाही. आणि लहान पिल्लू पिसाळत नाही हा समज खोटा आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असेल तर दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होतो. जानेवारीत कोंड्यानं एका पोराच्या बोटाला खेळता-खेळता दात लावला, रक्ताचा एक थेंब. त्याची आजी हळद-तिखट घेऊन आली. मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली, पोराला नळाखाली धरलं, साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात धुतला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. आजी म्हणे, "पोटात चवदा सुया देतात मा!" आता नाही देत. ते दिवस गेले. दंडात देतात, ठरलेल्या दिवशी: पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा, पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात. पोरानं सगळ्या घेतल्या. कुत्र्याला सुया पूर्ण असल्या तरी चावल्यावर डॉक्टरांना दाखवायचंच.

काळीलाही त्याच शुक्रवारी रेबीजची दिली. आई गावभर फिरणार आणि पिल्लाला तेवढं टोचणार, याला काय अर्थ? तिला टोपल्यात बसवता येईना, शेवटी पोत्याची झोळी करून दोघांनी धरली. पुढं तिचं ऑपरेशनही करून घेतलं, पण तो वेगळा विषय आहे.

शेवटच्या सुईला वर्ष झालं की, म्हणजे २०२६ च्या फेब्रुवारीत, पुन्हा एकदा एकत्र लस, लेप्टो, रेबीज. त्यानंतर लेप्टो आणि रेबीज दर वर्षी. बाकीच्या किती वर्षांनी द्यायच्या ते डॉक्टर सांगतील, कुणी वर्षाला देतात, कुणी तीन वर्षांनी.

आणि तारीख चुकलीच तर? माझी चुकली नाही कारण भिंत रोज डोळ्यांसमोर होती. पण परवा आमच्याच आळीतला एक जण दोन पिल्लं घेऊन आला. पाच महिन्यांची झालीत, जंताचं औषधही नाही, एकही सुई नाही. म्हणतो, "काकू, आता गेलं नं वय?" वय जात नाही. सोळा आठवड्यांवरच्याला उलट कमी लागतात. त्यांना एकत्र लसीचे दोन डोज, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि रेबीज पहिल्याच दिवशी देता येते, असं डॉक्टर म्हणाले. अर्धवट सुटलेलं असेल तर कार्ड दाखवा, कुठून सुरू करायचं ते तेच सांगतील. मी दोन्ही पिल्लं काट्यावर ठेवली. एक सव्वासात किलो, एक पावणेसात. डॉक्टरांना फोन लावला, "साहेब, शुक्रवारी दोन बाटल्या जास्तीच्या ठेवजा." मग खडू घेतला आणि कोंड्याच्या तारखांखाली जागा शोधली.